रिकामा लाइट

आई, मी कॅमेरा घेतला. तुहा तो खांद्यावरचा आता कॅसेट खाऊन राह्यला होता. मिस्त्रीनं दोनदा हेड बदललं, तिसऱ्यांदा त्यानंच हात जोडले. आपल्याकडं कापसाच्या दिवसात हवेतच रुई असते, ती आत शिरे, अन् तू लग्नाच्या आदल्या दिवशी स्पिरिट अन् जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ओट्यावर हेड पुसत बसे. इकडं गॅसवर भाजी, तिकडं उघडा कॅमेरा. बाबा ऑफिसातून आले की म्हणत, "हे स्वयंपाकघर आहे का गॅरेज?" तू वर न पाहताच म्हणे, "दोन्ही." तहसीलातल्या बाबूची बायको दुसऱ्याच्या लग्नात शूटिंग करते, हे काही त्यायले तू असेपर्यंत पचलं नाई.

यवतमाळले दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर तीन मांडले. एक छोट्या डिस्कवर रेकॉर्ड करणारा, एक हार्डडिस्कवाला, एक कार्डवाला. "झूम पाहा याचा," तो म्हणे, "चंद्रावरचे खड्डे दिसतीन." मी म्हटलं, "मले मांडवातले माणसं पाह्याचे आहेत." डिस्क अर्ध्या तासात भरते, इकडं मंगळाष्टकं सुरू अन् आपण डिस्क बदलून राह्यलो, हे काही जमत नाई. हार्डडिस्क हातातून पडली तर अख्खं लग्न गेलं. कार्डात फिरणारं काहीच नाई, म्हणजे रुईले बसाले जागाच नाई. तो उचलला अन् थेट बाहेर उन्हात नेला. दुकानदार मागं धावला, त्याले वाटलं मी पळालो. उन्हात त्या स्क्रीनवर माहंच तोंड दिसे, रस्ता काही दिसेना. मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नात हा कायच्या कामाचा? मग त्याले मागच्या वर्षीचं मॉडेल काढाले लावलं. कार्डवालंच, झूम कमी, पण डोळा लावाले भिंग होतं, बाहेरचा माइक जोडाले जागा होती, अन् खोका फाटलेला म्हणून स्वस्त. "जुना आणून द्या, अजून कमी करतो," तो म्हणाला. मी नाई म्हटलं. मले वाटते मी बरोबर निवडला. वाटते कायले, बरोबरच निवडला.

तुले आठवते का, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होतो, राजूरच्या लग्नात तुह्यासंगं वायर धराले आलतो. गिऱ्हाईक एकच कॅसेट देई अन् लग्न दोन दिवस चाले. खुर्च्यायवर म्हातारे बसलेले. तू त्यायच्यावर लाइट मारते, कॅमेरा सावकाश फिरवते. एक टोपी नीट करते, दुसरा विडी मागं लपवते, तिसरा तर उभाच राह्यते. अन् मी पाहतो तर कॅसेट बंद. मी मोठ्यानं म्हणतो, "आई, हे चालूच नाई!" तू माह्या पायावर पाय देल्ला. मंग जेवताना म्हणाली, "तुले लिहिता येते म्हणून सगळं बोललंच पाह्यजे काय? कॅसेट एक, पाहुणे गावभर. लाइट पडला की माणूस कसा बसते, ते पाह्य आधी." याले तू रिकामा लाइट म्हणे. मले ती फसवणूक वाटे. तेव्हा मी पूर्णविराम नसलेल्या कथा लिहून राह्यलो होतो, अन् खऱ्याखोट्याचं सगळं मलेच समजते असं वाटे. कथा अजूनबी तशाच लिहितो. पोट शूटिंगवर चालते.

नव्या कॅमेऱ्याची पहिली ऑर्डर फुलसावंगीकडच्या बंजाऱ्यायच्या तांड्यावरून आली. नवरीचा बाप घरी आला, पाणी प्याला, कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला. "अन् शूटिंगचा कुठी हाय?"

"हाच आहे, काका."

"हा तं माह्या मुठीत मावते." त्यानं कॅमेरा खाली ठेवला. "औंदा कापसाचं काय झालं तुमाले माहीतच हाय. बँड नाई सांगतला. मांडवबी लहान. कॅमेरा तरी मोठा पाह्यजे ना भाऊ. नाई तं नवरदेवाकडचे म्हणतीन, पोरगी चोरून उजवली. तुमच्याकडं नसंन तं मी पुसदवाला पाहतो."

मी त्याले कार्ड समजावून सांगाले तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बाबायचा आवाज आला. "मोठा येईन. दोन कॅमेरे येतीन."

तो गेल्यावर मी म्हटलं, "दुसरा धरणार कोण?"

"मी काय मेलो काय?"

आई, तू पाह्याले पाह्यजे होतं. रिटायर बाबू, इन केलेला शर्ट, खांद्यावर तुहा कॅमेरा, आत कॅसेट नाई, वरचा लाइट भकभक पेटलेला. बाबा म्हाताऱ्यायपुढून सावकाश फिरतात, थेट तुह्यासारखे, अन् वरून हुकूम सोडतात, "हाँ, इकडं पाहा. काकी, पदर नीट घ्या." सगळा मांडव त्यायच्याकडं पाहते. मी बाजूनं लहान कॅमेरा घेऊन फिरतो, माह्याकडं कोणी ढुंकून पाहत नाई. पोरगी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणू लागली, तांड्यावरचं रडत म्हणाचं गाणं. बाबायनं लाइट बंद केला अन् मागं सरकले. त्यायले हे कोणी सांगतलं नव्हतं. मी माइक घेऊन जवळ गेलो. तिच्या याडीचा, म्हणजे आईचा, हुंदका त्या गाण्याच्या मधात येते, तो तसाच सापडला.

कार्डात जागा होती, म्हणून तुह्या रिकाम्या लाइटातले म्हातारे यंदा खरोखरचे शूटिंगमधी आले. टोपी नीट करणारा, विडी लपवणारा, सगळे. सीडी पाहून नवरीचा बाप घरी आला अन् पहिले बाबायचाच हात धरला. "मी म्हणलो होतो ना! मोठ्या कॅमेऱ्याची गोष्टच अलग!" बाबा एवढंच म्हणाले, "हौ, वजनदार आहे."

पत्र जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवून देतो. पोस्टात टाकून कुठं पाठवू?

एक सांगाचं राह्यलं. त्या दिवशी पाहुणे गेले, लोडशेडिंग झालं, मी वायरा गुंडाळत होतो. बाबायनं तुह्या कॅमेऱ्याचा बॅटरीवरचा लाइट माह्यावर मारला. "उभा राह्य नीट. तुही शूटिंग करतो."

"त्यात कॅसेट नाई, बाबा."

"मले माहीत आहे."

मी कॉलर नीट केली, केसायवरून हात फिरवला अन् उभा राह्यलो. बाबायनं लाइट बंद केला तेव्हा मले वाटलं, अजून थोडा वेळ चालू द्याचा होता.