पट्ट्यांचा मासा आणि अंजूचा गोवर

रवि. ८ जाने. ७८, दौंड

अंजूची वेणी घालायला बसले तर डोकं काढून घेतलं. आजी घालते म्हणाली. सकाळी मी दारात आले तेव्हा तिनं आतमध्ये ओरडून सांगितलं, "सुलभा आली." हे मला सुलभा म्हणतात म्हणून तीही म्हणते. सगळे हसले. मीही हसले.

जेवताना हे म्हणाले, "जूनपर्यंत बघ. मग नोकरी सोड. पोरीला शाळेत घालायचंय." मी म्हटलं, आबा असते तर असं बोलला असता का? म्हणाले, "आबा नाहीत."

नाहीत खरे. लग्नानंतर मला एम.एस्सी.ला घातलं ते सासऱ्यांनी. रेल्वेच्या लोकोशेडमधून काळेकुट्ट होऊन यायचे आणि तसेच सायकलवर मला स्टेशनला सोडायचे. आज ते नाहीत, आणि मी आठवडाभर शिरूरच्या खोलीत आणि रविवारी इथं पाहुणी. सासूबाई ताट वाढतातही पाहुणीसारखंच. आधी मला.

बुध. ११ जाने., शिरूर

कॉलेजच्या लॅबमधल्या टाकीसाठी समुद्राचं पाणी आलं. नलिनीनं (एम.एस्सी.ची मैत्रीण, मुंबईला मत्स्यखात्यात) कॅन भरून दिले, यांच्या रेल्वेतल्या ओळखीच्या गार्डनं दौंडला उतरवले, यांनी स्वतः एस.टी.च्या टपावर चढवले. कंडक्टरशी भांडून. एवढं करतात. मग घरी गेलं की तेच बोलणं. माणूस एक का दोन, कळत नाही.

गेनूमामा लॅबमध्ये पंधरा वर्षं शिपाई. बोट बुडवून चाखलं आणि थुंकले. "बाई, ह्यात जीव जगतोय?"
"ह्यातच जगतो मामा, ह्यातला."
"आमी तर जवा बघावं तवा नदीच बघितली."

टाकीला अँगलची चौकट आहे. लोखंड पाण्याला लागू नये म्हणून आतून डांबर दिलंय. तळाला शिंपल्यांचा चुरा, त्याखालून हवेची नळी. बुडबुडे लागले. उगाच बघत बसले. मग पेपर तपासायचे राहिले.

गुरु. १९ जाने.

प्राचार्यांनी बोलावलं. सव्वीसला झेंडावंदनाला संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब येणार, त्यांना रंगीत मासे दाखवायचे. सांगितलं, पाणी तयार नाही. माशाची घाण पचवणारे जिवाणू त्या चुऱ्यात वाढावे लागतात. तोवर पाणी दिसायला स्वच्छ, पण मासे घातले की दोन-चार दिवसांत विष. आधी एकच मासा सोडायचा, चिवट जातीचा. तो टिकला तर पुढचे.

"मॅडम, पाणी काय आंबा आहे पिकायला?"

स्टाफरूममध्ये हाच विनोद दिवसभर फिरला. मी गेले की थांबायचा.

गुरु. २६ जाने.

दादासाहेब रिकाम्या टाकीपुढं उभे राहिले. दोनशे एकर बागायत, कारखान्यावर संचालक, फेटा.
"बाई, ह्यात मासं न्हाईत व्हय?"
"अजून नाहीत."
"आमच्या घोडनदीत मायंदाळ हायेत. सोडू का दोन?"
सगळे हसले. प्राचार्य सर्वांत जास्त. सांगायचा प्रयत्न केला की नदीतला मासा यात मरेल. त्यांनी ऐकलं नाही, पुढं भूगोलाच्या नकाशांकडे गेले.

चहा झाल्यावर कानावर आलं. कोण बोललं ते दिसलं नाही. "सवलतीतनं आलेल्या, त्यांना काय उजेड पडणार." बी.एस्सी.ला पहिला वर्ग, एम.एस्सी.ला पहिला वर्ग. कुणाला सांगू? फळ्यावर लिहू का?

रवि. ५ फेब्रु., दौंड

अंजू जरा बोलली. बालवाडीतली बाहुली, शेजारचं मांजर. मी टाकीबद्दल सांगितलं. "मासा कुठंय?" म्हटलं येणार आहे. "मग काय बघते तू रोज?"



शुक्र. १७ फेब्रु., शिरूर

मासा सोडला.

सगळं नीट लिहून ठेवते. पहाटेच्या गाडीनं दौंडला आला. नलिनीनं खडकाच्या डबक्यात पकडलेला, बोटाएवढा, अंगावर काळे उभे पट्टे, पाठीवर पिवळसर झाक. पहिल्या एस.टी.नं मी स्टेशनवर पोचले तर हे कॅन घेऊन फलाटावर उभे. रात्रपाळीचे डोळे. कॅनमध्ये हात घालून पाणी हलवत होते, हवा मिळावी म्हणून. मी सांगितलं होतं तसं.

"जिवंत आहे," म्हणाले.
"परतीची गाडी आहे का?"
"आहे. लगेच."

घर दहा मिनिटांवर. पण कॅनमधलं पाणी गढूळ व्हायला लागलेलं आणि बाराला प्रॅक्टिकल. एस.टी.त मांडीवर कॅन. ते खिडकीखाली उभे होते, काही बोलतील असं वाटलं, गाडी निघाली.

टाकीशी कॅन ठेवला, टाकीतलं पाणी पेल्यापेल्यानं त्यात मिसळत गेले. घाई केली तर मासा उलटा होतो आणि मरतो. दिवा बंद. मुलं बाकावर चढून बघत होती. मग अलगद सोडला. सरळ तळाला गेला, आडोशाला ठेवलेल्या खापरामागं. नंतर दिसलाच नाही. मुलं पांगली. प्राचार्य दारातून डोकावून "एवढाच?" म्हणाले.

मला मात्र आज बरं वाटलं. खूप दिवसांनी.

रवि. १९ फेब्रु., दौंड

अंजूला गोवर. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले. ताप गुरुवारपासून. गुरुवारपासून.

सासूबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, "पोर तापानं फणफणली आन् आई ठेसनावरनं माघारी गेली. मासुळीला घिऊन."

मी यांच्याकडं बघितलं. मोरीपाशी उभे.
"तुम्ही फलाटावर सांगितलं नाही."
"तू विचारलंस?"
"तुम्ही सांगायला नको?"
"मला वाटलं घरी येशील. आलीस की दिसेल."

म्हणजे मुद्दाम बघत होते. मी घरी येते का ते. आणि मी नाही आले. पण तो माणूस फलाटावर उभा राहून माशासाठी पाणी हलवत होता आणि पोरीच्या तापाचं एक अक्षर

नंतर लिहीन.

सोम. २० फेब्रु., दौंड

रजेची तार केली. अंजूच्या उशाशी कडुलिंबाचे टाळे. मी पाणी पाजायला गेले, तोंड फिरवलं. "आई कुठाय?" म्हणते. मी म्हटलं, ही काय. म्हणाली, "तू न्हाई. आई." आजीला आता आई म्हणते. हे त्यांना आई म्हणतात, तीही म्हणते. तिच्या मनात काही नाही, कळतं मला.

सासूबाईंनी कुशीत घेतलं, ती गप झाली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, हे त्यांचं चांगुलपण म्हणायचं. दोन रात्री त्या झोपलेल्या नाहीत. त्यांच्यावर रागावायलाही जागा नाही.

शनि. २५ फेब्रु., दौंड

ताप उतरला. भात मागितला. भरवला, माझ्या हातून. निम्मा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कोण भरवतंय. तरी खाल्ला.

हे रात्रपाळीहून आले. आठवडाभर आम्ही मीठ-तेलाचं बोललो. आज म्हणाले, "त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं." मी "हो" म्हटलं. त्यांना वाटलं असेल मी म्हणेन, मीही विचारायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. खरं असून नाही म्हटलं.

मंगळ. २८ फेब्रु., शिरूर

मासा जिवंत. गेनूमामांनी सांभाळला. "चार दिस खाल्लं न्हाई बाई. मग कोलंबीचा बारका तुकडा वर धरला, तवा आला." आता दिव्याला बाहेर येतो, टाकीभर फिरतो. शेपटीचा कोपरा झिजलाय. पाण्याला वास नाही. म्हणजे जमलं. हे सांगायला कुणी नव्हतं. नलिनीला कार्ड टाकलं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सारख्या रजा घेणार असाल तर कायम करण्याचा विचार कठीण." दोन वर्षांत ही पहिली रजा. "म्हणून आम्ही बायकांना घ्यायला कचरतो." तेही मोठेपणानं, समजावून सांगितल्यासारखं.

घरी म्हणतात नोकरी जास्त, इथं म्हणतात घर जास्त.

सोम. २० मार्च

बाहेर रखरखाट, टाकीतलं पाणी रोज उतरतं. उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून वर गोडं पाणीच घालायचं. गेनूमामांना हे पटत नाही. "खाऱ्यात गोडं घातलं तर मासा बाटंल." मग माझ्याकडं बघून एकदम ओशाळले. मी म्हटलं, घाला मामा, काही होत नाही. घातलं.

शुक्र. १४ एप्रिल, दौंड

जयंती. आमच्या वस्तीत मंडप, निळ्या पताका, मिरवणुकीआधी सभा. यांचं भाषण. दरवर्षी असतं. आवाज चांगला आहे, लोक ऐकतात. स्त्री शिकली पाहिजे यावर बोलले. मग म्हणाले, "लांब कशाला, माझी पत्नी कॉलेजात प्राध्यापक आहे. समुद्राचा मासा तिनं शिरूरला जगवला. आपल्या दौंडच्या एका तरी सुनेनं हे केलंय का?" टाळ्या. बायका वळून माझ्याकडं बघत होत्या. शेजारची इंदूवहिनी रडली.

सकाळीच, हाच सदरा घालताना, म्हणाले होते, "राजीनाम्याचं बोललीस का प्राचार्यांशी?"

सभा सुटल्यावर माणसं त्यांच्याभोवती. मी अंजूचा हात धरून गर्दीत शिरले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "अहो, अंजू मासा बघायचाय म्हणते. आठवडाभर शिरूरला नेते." त्यांचा चेहरा. जमलेल्यांतले एक आप्पा म्हणाले, "न्या की पोरीला. बघू द्या आईचं काम." हे म्हणाले, "हो, ने."

मला तेवढ्यापुरता आनंद झाला. चांगला नव्हता तो आनंद.

सोम. १७ एप्रिल, शिरूर

अंजू आली. पहिल्या रात्री आजीसाठी रडली. मी पाठ थोपटत राहिले. सकाळी कॉलेजात नेली. टाकीपुढं उभी राहिली ती हलेना. मासा काचेशी आला की मागं सरकायची, परत पुढं.
"चावतो?"
"नाही."
"एकटाच हाय?"
"सध्या."
गेनूमामांनी कोलंबीचा तुकडा दिला, तिनं वर धरला, त्यानं ओढला. किंचाळली, मग खूप हसली. घरी जाताना माझं बोट धरलं. रस्ता ओलांडायचा होता म्हणून. ओलांडून झाल्यावरही धरलेलं होतं.

गुरु. २० एप्रिल

इथल्या मराठी शाळेत जाऊन आले. हेडमास्तर भले वाटले. "पहिलीत घेऊ की. वडील कधी येतील?" म्हटलं, येतील.

प्राचार्यांना विचारलं, सुट्टीत टाकीचं काय? म्हणाले, रिकामी करा नाहीतर इथं राहून बघा. मी राहते म्हटलं. बोलून गेले.

रवि. २३ एप्रिल, शिरूर

हे साडेदहाच्या गाडीनं आले. अंजूसाठी कलिंगड. मी चहा ठेवला. ती त्यांच्या मांडीवर बसून माशाचं सांगत होती, ते हसत होते. नाहीतरी ते तिच्याशी चांगलेच असतात.

चहा प्याल्यावर सांगून टाकलं. अंजूला इथं शाळेत घालणार. सुट्टीत मी इथं. तुम्ही रविवारी या.

त्यांनी अंजूला मांडीवरून उतरवलं. मग, "आईला काय सांगू?"
"मंडपात सांगितलंत तेच सांगा."
कप खाली ठेवला. "सगळ्यांदेखत ते बोलायला नको होतंस तू."
"का?"
"म्हातारीनं पोरीला सहा वर्षं वाढवलं, सुलभा. तुझी फी भरली तेव्हा तिनं पाटल्या मोडल्या. आबांनी नाही, तिनं."

हे मला माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. या घरात कुणी काही सांगतच नाही, वेळ निघून गेल्यावर तोंडावर टाकतात. तेवढं म्हटलं मी. ते म्हणाले, "तूही."

उठले. अंजूला म्हणाले, "सँडल घाल." तिनं घातले. मग दारात थांबले, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गाडी कधी आहे बघून येतो," म्हणाले आणि एकटेच स्टँडकडं गेले.

दौंडची गाडी दीडला असते. त्यांना माहीत आहे.

आता दोन वाजत आलेत. गेले की येतायत, कळत नाही. कलिंगड कापलेलं नाही. अंजू उंबऱ्यावर बसलीय, रस्त्याकडं तोंड करून. मघाशी मागं न बघता विचारलं, "सँडल काढू का?"

मी म्हटलं, थांब जरा.