पुण्याहून येणारी सायकल

१७ नोव्हेंबर १९९६

आजही आला! आम्ही जेवायला बसलो आणि हा दारात. योगेंद्र. रंजनाच्या गावचा, रक्ताचं नातं काही नाही, पण तिला ताई म्हणतो आणि मला दाजी. आत येताना मान वाकवावी लागते त्याला. तेवढ्याचंही रंजनाला कौतुक — "जपीसन रे भाऊ, चौकट लागी!" सात वर्षं झाली लग्नाला, या चौकटीसाठी मला कधी कोणी जप म्हटलं नाही.

विषय तोच. सप्तशृंगीचा गड. सुरतेजवळच्या भेस्तानची आम्ही खानदेशी मंडळी दर चैत्राला सायकलने निघतो. सापुताऱ्याचा घाट पाय न टेकता जो सगळ्यांत आधी चढेल, त्याच्या सायकलला पुढे गडापर्यंत देवीचं निशाण. तीन वर्षं हाच! मी गेल्या वर्षी दुसरा होतो. दुसऱ्याला कोण विचारतं? रंजनाने घरी आल्यावर मला पाणी दिलं आणि विचारलं काय — "योगेंद्रले थकवा नही ना उना?"

२४ नोव्हेंबर

आमच्या मागाच्या कारखान्यात सूत विकायला येणारा पुण्याचा माणूस सांगत होता — त्यांच्याकडे एक कारागीर आहे, माणसाच्या मापाने सायकल बनवून देतो. डोंगरात चालणारी. जाड टायर, गिअर, आणि फ्रेम अशी की दगडावर आपटली तर दगड फुटेल. झोप उडाली माझी.

२ डिसेंबर

मागवली! रंजनाला शिलाई मशीन हवं होतं, ती दोन दिवस बोलली नाही. नको बोलू. घाटावर निशाण लागू दे माझ्या सायकलला, मग बोलशील.

९ डिसेंबर

एसटीडीवरून पुण्याला फोन केला. कारागीर मोजकंच बोलतो. म्हणाला, ढांगेचं माप कळवा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्याने टेप लावायची. बूथमध्ये मागे चार माणसं उभी, मी नुसतं हो हो केलं.

कोणाला सांगणार हे? रंजनाला सांगितलं तर हसेल, आणि संध्याकाळपर्यंत योगेंद्रला कळेल. कारखान्यात तर बोलायलाच नको.

१२ डिसेंबर

लोटू टेलरकडे गेलो. त्याच्याकडे माझ्या पँटीची मापं आहेतच. कमरेपासून घोट्यापर्यंत, वर दुमडीला थोडं जास्त. पाय तो पाय! ते माप फोनवर कळवलं. कारागीर म्हणाला, "पाय चांगले लांब आहेत तुमचे. भरपूर उंच असाल."

मी म्हणालो, "हो!"

असं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत ताठ चालत होतो.

१४ जानेवारी १९९७

उत्तरायण. गल्लीतल्या पोरांचे पतंग पत्र्यावर अडकले की हाक कोणाला? योगेंद्रमामाला! हात वर केला की पतंग खाली. मी स्टूल आणायला गेलो तोवर सगळे पतंग निघाले होते. स्टूल घेऊन परत आलो तर रंजना त्याला तिळाचे लाडू देत होती. मोठे मोठे निवडून.

२० फेब्रुवारी

फ्रेम जोडून झाली, आता रंग. निळा सांगितला. कारागीर म्हणतो घाई चालणार नाही.

२४ मार्च

धुळवड. तो यंदा आलाच नाही रंग खेळायला. बरं झालं! रंजना मात्र सारखी दाराकडे बघत होती. मी विचारलं, कोणाची वाट बघतेस? म्हणाली, "कोनीच नही." मला काय कळत नाही?

१० एप्रिल

आली. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून हातगाडीवर आणली, अंगणात खोकं फोडलं, हॅण्डल बसवलं. काय सायकल! निळी, चकचकीत. अख्खी गल्ली जमली.

मी टांग टाकायला गेलो. टांग जाईना. ओट्यावर चढून बसलो, तर पॅडल खाली गेलं की पाय हवेत. सीट अगदी खाली घातली तरी तेच. दांड्यावर बसलो असतो तर — जाऊ दे, लिहीत नाही.

रंजना पदर तोंडाला लावून हसत सुटली. "घाटमां पाय टेकाना नही म्हणीसन अशी बनाडी का?"

सायकल खोलीत ढकलली आणि वरून जुनी चादर टाकली. लोटूचा गळा धरावासा वाटतो. पण त्याची काय चूक? माप मीच सांगितलं. ‘हो’ मीच म्हणालो.

१२ एप्रिल

रंजना म्हणते, योगेंद्रले देई टाका, त्याले बरोबर बसी. ताट सरकवून उठलो. गंजून जाईल, पण त्याला हात लावू देणार नाही!

१३ एप्रिल

आज तो आला. दाढी वाढलेली. बसायला सांगितलं तरी उभाच. पलीकडच्या सचिन गावातला त्याचा कारखाना होळीआधीच बंद पडलाय, मालकाने माग विकून टाकले. याने सायकल विकली. चैत्र झाला की गावी जाणार, कायमचा.

"दाजी, यंदा मी नही येत. निशान तुम्हनाच सायकलले लागी."

तीन वर्षं याच वाक्याची वाट पाहिली होती मी! आणि ते माझ्या हातात असं कोणीतरी टाकलेल्या उष्ट्यासारखं आलं. जुन्या सायकलवरही मीच पहिला आलो असतो.

तेवढ्यात त्याची नजर चादरीकडे गेली. रंजनाने चादर ओढलीच. तो सायकलभोवती फिरला. दांड्यावरून हात फिरवला. मला वाटलं आता हसेल. हसला नाही.

"दाजी, एवढी उंच? हाई कोनासाठे बनाडी?"

दारात शेजारची शोभाबाई उभी. तिची पोरं उभी. खोटं माप दिलं म्हणून सांगू? बुटका आहे आणि पुण्याला उंच सांगून बसलो म्हणून सांगू? तोंडातून निघून गेलं — "तुनासाठे."

तो खालीच बसला. एवढा मोठा माणूस, गुडघ्यात डोकं घालून रडला. मग पाया पडला माझ्या. रंजनाला सगळं माहीत. नुसती माझ्याकडे बघत राहिली. असं तिने कधी बघितलं नव्हतं.

१४ एप्रिल

काय करून बसलो! सायकल गेली, मशीन गेलं, निशाणही गेलं. रात्रभर तळमळलो. सकाळी वाटलं, जाऊन मागून आणावी. पण तो बाहेर पोरांना सांगत होता — मन्हा दाजीनी दिन्ही! कसा मागू?

२२ एप्रिल, गडाच्या पायथ्याशी

निशाण त्याच्याच सायकलला. घाटात एकदाही पाय टेकला नाही. मी टेकला, पुष्कळदा. वर तो वाट बघत थांबला होता, आणि मंडळींना सांगत होता — दाजीने एकदाही माप घेतलं नाही माझं, नुसतं बघून बनवून घेतली, तरी बोटभरही फरक नाही! किती लक्ष असेल बघा त्यांचं माझ्यावर.

होतं. तीन वर्षं मी दुसरं काही पाहिलंच नाही.