काचेपलीकडचे उस्ताद

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाने फोनवर निकाल देऊन टाकला. "एक तर तुझा रंग, नाही तर बाबा. दोन्ही एका घरात नाही." तेवीसला, रविवारी, तो स्वतः येणार, घरभर नाक फिरवणार, आणि जरा जरी वास आला तर बाबांना आपल्या घरी घेऊन जाणार. कायमचे.

त्याचं काही चुकत नाही, हे लिहिताना दात-ओठ खाते आहे. बाबांनी चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या. तोंडाला काय, तर फार तर रुमाल! आता छातीचे डॉक्टर म्हणतात, फुप्फुसांत फारसं काही शिल्लक नाही, रंगाची वाफ पुन्हा आत गेली तर थेट ऑक्सिजनवर. आणि मी? सकाळी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारते, दुपारी मागच्या खोलीत मोटरसायकलच्या टाक्या रंगवते. बापाला ज्या कामाने आजारी पाडलं, नेमकं तेच मुलीला आवडावं!

आजवर निदान ब्रशने भागत होतं. पण कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला त्याच्या टाकीवर क्लिअर हवंय. रंगावरचा तो पारदर्शक, आरशासारखा चमकणारा थर. तो स्प्रे गननेच मारावा लागतो.

बाबा गेले तर हे घर मला खायला उठेल. काम सोडलं तर मी घराला खायला उठेन. तेव्हा दोन्ही ठेवायचे. वीस दिवस आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंगवाल्याकडे साधा फिल्टरचा मास्क मागितला. त्याने मान हलवली. "क्लिअर कडक व्हायला त्यात हार्डनर घालणार ना? मग हा नाही चालायचा, ताई. हार्डनरला वास नसतो. फिल्टर संपला तरी नाकाला पत्ता लागत नाही." बाहेरची स्वच्छ हवा नळीतून आणणारा मुखवटा गळ्यात मारला. शिवाय गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा, हातमोजे.

घरी सगळं चढवून बाबांपुढे उभी राहिले. बाबा हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले. "चंद्रावर निघालीस का? येताना भाजी घेऊन ये."

पण रंगवाल्याचं वाक्य डोक्यातून जात नाही. वास नसतो! म्हणजे दादाचं नाक पास झालं तरी बाबांची छाती नापास होऊ शकते. दादाला फसवणं सोपं आहे. लहानपणापासून करत आले आहे. इथे त्याचा उपयोग नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस लिहूच नये असं वाटतंय.

सकाळपासून मागची खोली आवरली. तिथला गॅसचा गिझर काढून टाकला. थिनरची वाफ आणि गिझरची ज्योत यांची भेट नको. स्वयंपाकघराकडची खिडकीही बुजवणार होते, पण बाबा आडवे आले. "काच राहू दे. मी बघीन." मग काच ठेवली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीचे तीन-तीन थर लावले. अंगणाकडच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा ब्लोअर बसवला. त्याची मोटर भिंतीबाहेर, म्हणजे ठिणगी उडाली तरी बाहेरच उडेल. फार हुशार वाटलं स्वतःला!

मग स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत टिश्यू पेपरची पट्टी लटकवली. हवा बाहेर जात असेल तर पट्टी खोलीच्या आत झुकायला हवी. ब्लोअर सुरू केला. पट्टी फडफडत माझ्या तोंडावर आली.

ब्लोअर उलटा बसवला होता. आज क्लिअर मारलं असतं तर सगळी वाफ घरात आली असती, थेट बाबांच्या खुर्चीवर.

बाबांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला पोचवायची फारच घाई झालेली दिसते." मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाच मिनिटं रडले. फार घाबरले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

ब्लोअर फिरवला, मोटर बाहेरच ठेवून. पट्टी आत झुकते. दहा वेळा बंद-चालू करून पाहिलं. दहाही वेळा झुकली!

१२ फेब्रुवारी, बुधवार

दारावर नियम चिकटवले. गन चालू असताना दार उघडायचं नाही. नंतर ब्लोअर रात्रीपर्यंत चालू. मी मागच्या दाराने बाहेर पडणार, झगा अंगणात, तिथून थेट आंघोळीला, आणि त्याआधी बाबांच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही. बाबांनी चष्मा लावून सगळे वाचले. "तुरुंगात निदान भेटीची वेळ तरी असते." आता मला मास्तरीणबाई म्हणतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेकॅनिकने सरावासाठी भंगारातली एक टाकी दिली आहे. पहिला हात, म्हणजे पहिला थर, आज मारला. बाबा काचेपलीकडे खुर्ची टाकून बसले, हातात टॉर्च. मुखवट्यात मला त्यांचा आवाज येत नाही, म्हणून खाणाखुणा ठरल्या. टॉर्चचा झोत टाकीवर जिथे पडेल तिथे क्लिअर कमी आहे. एकदा लुकलुकला तर हात जलद. दोनदा लुकलुकला तर गन जवळ. तीनदा म्हणजे थांब, गाढवा.

तीनदाच जास्त झालं. टाकीच्या पोटावर हा एवढा ओघळ! बाबांनी टॉर्च बंद केला आणि पाठ फिरवली. त्या पाठीवर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओघळ नाही. पण वाळल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. जेवताना बाबांनी ताटलीवर चमचा फिरवून दाखवला. "मनगट नाही, खांदा फिरव. काल तू माशा वारत होतीस, आज माशांना घाबरून लांब पळालीस." तासभर चमच्याने ताटली रंगवत बसलो. आमटी गार झाली. फार मजा आली.

चाळीस वर्षांत हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. दादाला शिकवायला गेले होते. तो तिसऱ्या दिवशी पळाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भांडण. मोठं.

भंगार टाकीवर तिसरा प्रयत्न चालला होता. खिडकीकडे पाहिलं तर खुर्ची रिकामी. दाराकडे पाहिलं तर दार बोटभर उघडलेलं आणि फटीत बाबांचा हात! गन टाकून धावले, अंगाने रेटून दार लावलं. मुखवट्यात ओरडत होते, ते माझं मलाच ऐकू येत होतं. मागच्या दाराने बाहेर, झगा फेकला, अंगावर बादली ओतली आणि ओल्या कपड्यांनीच आत आले.

बाबा खुर्चीवर बसलेले, अपराधी शाळकरी मुलासारखे. "ओघळ येत होता. तू टॉर्चकडे बघतच नव्हतीस."

"येऊ दे ना ओघळ! ओघळ घासून काढता येतो. तुम्हाला काही झालं तर कशाने घासू?"

  ते खोकतात का, याकडे कान लावून संध्याकाळ काढली. नाही खोकले. जेवण झाल्यावर उठता उठता म्हणाले, "उद्यापासून आतून कडी लाव. माझा भरवसा नाही."

भांडणात जिंकले, पण झोप येईना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कडी लावून मारला. झोत तीन वेळा पडला, लुकलुक एकदाच. बरं चाललंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खरी टाकी. मेकॅनिकची, गडद निळी. सकाळी जमिनीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. पट्टी पाहिली, कडी पाहिली, मुखवट्याची नळी पाहिली. पहिला हात टॉर्चच्या झोतामागे. पंधरा मिनिटं थांबले. दुसरा हात, झोत एकदाच पडला, तोही पेट्रोलच्या टोपीच्या कडेला, जिथे माझा हात निघालाच होता.

तिसऱ्या हाताला काचेपलीकडे अंधार. सुरुवातीला वाटलं सेल गेले. मग वाटलं बाबांना डुलकी लागली. थांबता तर येत नव्हतं, अर्ध्यात थांबलं की शिवण दिसते. मग खांदा फिरवत राहिले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, परत, अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर. कधी संपलं कळलं नाही. ओला थर असा ताणून बसला की टाकीत छताचा दिवा दिसला, दिव्याशेजारी मुखवटा घातलेली मी दिसले. ओघळ नाही, साल नाही, धुळीचा कणसुद्धा नाही!

आंघोळ करून आत आले. "झोपला होतात?"

"नाही."

टॉर्च मांडीवर होता. बटण दाबून पाहिलं, चांगला लखलखीत पेटला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. चपला काढायच्या आधी नाक वर. स्वयंपाकघर हुंगलं, गाद्या हुंगल्या, बाबांचा सदरा हुंगला. बाबा म्हणाले, "पोलिसांत तुझी जागा गेली बघ." मी त्याला सांगून टाकलं की नाकावर जाऊ नकोस, हार्डनरला वास नसतो. मग ब्लोअर लावून पट्टी दाखवली, चिकटपट्टीचे थर दाखवले, नियम वाचायला लावले, उलट्या ब्लोअरची आणि बुधवारची हकिकतही सांगितली. ऐकून त्याचा चेहरा उतरला. स्वतः ब्लोअर बंद-चालू करून पट्टी तपासली.

मग टाकीपाशी गेला, तिच्यात पाहून केस नीट केले, आणि म्हणाला, "राहू दे बाबांना इथेच. माझ्या घरी कोण इतकं सांभाळणार?"

जीव भांड्यात पडला! दादाच्या गळ्यातच पडणार होते, थोडक्यात वाचला. तो आज इथेच मुक्काम करतोय. बाबा मात्र लवकर झोपायला गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाबा दादाबरोबर गेले. आपणहून. सकाळी उठून पाहते तर बॅग भरून तयार, औषधंसुद्धा स्वतः मोजून घेतलेली. दादाही चकित. मी वाफेचं, काळजीचं, डॉक्टरांचं काय काय विचारलं. मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तसं काही नाही गं. तुझ्या कामात आता मला बोट ठेवायला जागा नाही. नुसतं काचेआड बसून काय करू? दादाला अजून धड स्क्रूही पिळता येत नाही, तिकडे दोन वर्षं सहज जातील."

तिसरा हात जरा वाईट मारायला हवा होता.