आधी पडदे

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा पाय कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस. सासूबाई रोज विचारतात, धाकटी कधी येणार? मी महिनाभर माहेरी राहिले होते तेव्हा त्यांना माझी आठवण झाल्याचं कुणी सांगितलं नाही, पण असो. तुझी शिवणाची गिऱ्हाइकं दारात येतात आणि जाऊबाईंनीच तुला पळवून लावलं अशा नजरेने माझ्याकडे बघतात.

शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लागला, हे तुला कळलंच असेल. कॉम्प्युटरवरचा धडा भिंतीएवढा दिसणार, दोन वर्गांना एकदम शिकवता येणार, म्हणून दोन वर्षं मी त्याच्या मागे होते. वर्गणीसाठी घरोघर फिरले, बेकरीवाल्याची मनधरणी केली. आणि पडदा घ्यायचा की वर्गांना कॉम्प्युटर, हे ठरवायच्या सभेला तू आपली मुलीला न्यायला आलीस, गळ्यात टेप तशीच, आणि सहज विचारलंस, "कॉम्प्युटरची टेबलं केवढी उंच? पहिलीतल्या पोरांचे हात पोचतील का?"

टपालवाले काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा! याला म्हणतात डोकं!" सगळ्यांनी वळून तुझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं मी त्या शाळेत शिकवते, माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नाही. माझ्या पोटात दुखलं. इतकं दुखलं की घरी येऊन मी जेवले नाही आणि डोकं दुखतंय असं सांगितलं.

पण ते घरी आल्यावर. त्याआधी काकांनी चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. वर्गणी सगळ्यांची, तर शाळेला काय हवं तेही सगळ्यांनी सांगायचं. चिठ्ठ्या वाचायला मीच उभी राहिले. काहींनी वर्गांसाठी कॉम्प्युटर लिहिलं होतं, काहींनी पडदा. दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आल्या आणि शेवटची चिठ्ठी उरली. तुझ्या कापायच्या खडूने लिहिलेली, निळी. मी मोठ्याने वाचलं, "पडदा!" टाळ्या पडल्या.

तू मागच्या बाकावरून माझ्याकडे बघितलंस आणि मुलीचं दप्तर उचलून निघून गेलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतेस. घरी तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी उद्घाटन झालं. सगळा गाव लोटला होता. हॉलच्या सहा खिडक्यांतून ऊन सरळ पडद्यावर. धडा ऐकू येत होता, दिसत काहीच नव्हतं. बेकरीवाल्याने आपला एप्रन खिडकीला धरला, दोघीतिघींनी ओढण्या धरल्या, पोरं खिदळायला लागली. मग मोठी माणसं चिडली. वायरमनने चुकीच्या भिंतीला लावला म्हणे. तो बिचारा मान खाली घालून उभा होता. भिंत मीच दाखवली होती.

आता रविवारी पुन्हा सभा आहे, पडदा परत करायचा की ठेवायचा ठरवायला. तुझी चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. रोज काढून बघते. "आधी पडदे. खिडक्यांना." इतकंच. तीन शब्द, आणि मी मराठी शिकवते.

वायरमनवरचा आळ मी रविवारी काढणार आहे. चिठ्ठी जशी आहे तशी वाचणार आहे. लोक काय म्हणतील ते म्हणोत. ते पुन्हा तुझंच कौतुक करतील, आणि मला पुन्हा त्रास होईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. एका पत्राने माझा स्वभाव बदलायचा नाही.

खिडक्यांची मापं मी काल घेतली. तिसऱ्या खिडकीचं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं. हे मला जमत नाही, धाकटे. तुला जमतं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

टेप घेऊन ये. सभा सकाळी दहाला आहे. मागच्या बाकावर बसू नकोस.

तुझा अजूनही हेवा करणारी,
तुझीच थोरली