सात नंबरची भीती

३ मार्च, सोमवार

आजपासून कामावर. निवडणूक तोंडावर आली आहे आणि एका पक्षाला म्हणे लोकांच्या मनातलं जाणून घ्यायचंय. त्यांची माणसं दारोदार फिरून फॉर्म भरून आणतात. आम्ही चौघी एका लांब टेबलाशी बसून उत्तरांना आकडे देतो. महत्त्वाचा प्रश्न एकच — तुम्हाला कशाची भीती वाटते? पाणी म्हणजे एक, नोकरी दोन, आजारपण तीन, असं करत सात म्हणजे ‘परके लोक’. शेवटचा नऊ, म्हणजे ‘इतर’.

डोकं घरी ठेवून आलं तरी चालेल असं काम. बरंच झालं.

५ मार्च

लोक काय काय सांगतात! ‘जिन्यात दिवा नाही.’ ‘मुलगा फोन उचलत नाही.’ ‘न्हाणीघरात पाय घसरला तर कोण उचलणार?’ एका माणसाने सांगितलंय, सकाळी जाग आली की छातीत धस्स होतं, कारण माहीत नाही. हे सगळं मी नऊमध्ये टाकलं.

आमच्या साहेबांना सगळ्या जणी टक्केसाहेब म्हणतात. पाचच्या सुमाराला ते आले आणि नऊचा गठ्ठा पाहून कपाळाला हात लावला. ‘बाई, इतर पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पक्षाने त्या इतरचं काय लोणचं घालायचं?’ मग टाकू कुठे, म्हटलं. ‘जवळचं बघा काहीतरी. सात बघा.’

६ मार्च

जिन्यातला अंधार — सात. अंधारात परकाच असणार ना कोणी. फोन न उचलणारा मुलगा — सात. छातीत धस्स — सात. शेजारच्या खुर्चीतलीला विचारलं, तू काय करतेस? म्हणाली, ‘सातच. सात म्हणजे आपला माळा. नको ते सगळं वर टाकायचं.’ दोघी हसलो. संध्याकाळपर्यंत हात न विचारताच सात काढायला लागला.

८ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. आठवा महिना लागलाय. ‘आई, बाबांशी बोल ना एकदा. बाळंतपणात मला तू जवळ हवीस.’

पुलापलीकडच्या मुलाशी लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या लोकांचं आपल्याशी कधी जमलंय का, आपल्यात कोणी असं केलंय का, वगैरे. मी मधे पडले नाही. आपण काही बोललं की आगीत तेल, असं मला वाटतं. खरं तर भांडायचा कंटाळा.

‘बघते,’ म्हटलं. ‘बघते म्हणजे?’ म्हटलं, दूध उतू जातंय. जात नव्हतं.

१३ मार्च

उमेदवाराचं भाषण टीव्हीवर. ‘दहातल्या चार माणसांना पुलापलीकडच्यांची भीती वाटते. हे मी सांगत नाही, तुम्ही सांगताय!’ टाळ्या.

पुलापलीकडचे हा शब्द एकाही फॉर्मवर नाही. तिथे जिन्यातला दिवा आहे, न्हाणीघर आहे. परके लोक हे आम्ही केलं, आणि परके म्हणजे पुलापलीकडचे हे त्यांनी केलं.

हे मान डोलवत होते. ‘चाळीस टक्के. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.’ सांगावंसं वाटलं, अहो, तो धूर मी काढलाय, टेबलाशी बसून, चहा पीत पीत. मग भांडी घासली.

१७ मार्च

नवे गठ्ठे आले. आता सात शोधावा लागत नाही. लोक आपल्या तोंडाने सांगतात, ‘पुलापलीकडचे.’ त्यांना कधी पाहिलंत का, या फॉर्मवरच्या नव्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’. टक्केसाहेब खूश. ‘बघा, आपला अंदाज किती अचूक होता!’

मला वाईट वाटायला हवं होतं. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं झालंय. गठ्ठा मात्र वेळेत संपवला.

१९ मार्च

आमच्या इमारतीच्या फाटकाशी वही ठेवली. येणाऱ्याने नाव लिहायचं, राहतो कुठे लिहायचं. पुलापलीकडचा असेल तर वॉचमनने वर फोन करून विचारायचं. सभेत यांनीच सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. माझाही होता.

२२ मार्च, शनिवार

लेक आणि जावई आले. न सांगता. वॉचमनचा फोन आला, ‘पुलापलीकडचे पाहुणे आहेत, सोडू का?’ हे म्हणाले, ‘आमच्याकडे कोणी यायचं नव्हतं.’ आणि फोन ठेवला.

मी शेजारीच उभी होते. फोन घेऊ शकले असते. जिना उतरून गेले असते तर दोन मिनिटं लागली असती. मी खिडकीशी गेले. ती वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती, पोटावर हात ठेवून. जावई वहीत लिहीत होता — किती सावकाश लिहीत होता! एकदा तिने वर पाहिलं. मी काही पडद्याआड नव्हते. समोर होते. हात हलवायचा राहिला.

मग ते गेले, चालत, बसथांब्याकडे. मधे दोनदा तिला थांबावं लागलं.

दुपारी जेवलो. जेवणाला चव होती, याची मला लाज वाटली. तेवढी एक गोष्ट आज वाटली.

२३ मार्च

फोन करायचा होता. नाही केला.

२६ मार्च

टक्केसाहेबांनी नवं काम आणलंय. पुलापलीकडच्या वस्तीतही फॉर्म भरून घेणार. ‘पक्षाला दोन्ही बाजू हव्यात, बाई.’ प्रश्न तेच, खाली एक जोडलाय — त्यातल्या त्यात जास्त कोणाची? यांना जेवताना सांगितलं. म्हणाले, ‘त्यांना कसली भीती? भीती आपल्याला.’

मी त्यांना अजून वाढू का विचारलं.

२९ मार्च

पुलापलीकडचे फॉर्म आले. फॉर्मवर नाव नसतं, पत्ता असतो. एक पत्ता मला पाठ आहे. बाई, वय अठ्ठावीस, गरोदर. कशाची भीती वाटते? — ‘माहेरच्या माणसांची.’ जास्त कोणाची? विचारणाऱ्याने तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत.

‘आईची. बाबा निदान ओरडतात.’