टाकीमागच्या गल्लीतली चौदा घरं

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा घसा कसा आहे? इथे सगळे बरे आहेत. आई म्हणते, भाषणाआधी गरम पाणी पी आणि कुणाशी भांडू नकोस. बाबा म्हणतात, ती भांडणारच, बहीण कुणाची आहे.

ऑफिसातल्या फ्रीजचं दार लागत नव्हतं, ते दुरुस्त झालं. ड्रायव्हरकाका उद्या सकाळी रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन तुझ्याकडे निघतील, त्यांच्याकडेच हे पाकीट देतेय. फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि माझी वाचाच बसते. म्हणून पत्र.

पाकिटात आपल्या टायफॉईडच्या सर्वेचे चौदा फॉर्म आहेत. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीचे. तू म्हणशील, ते तर जूनमध्येच आले. हो, आले होते.

थांब, आधी दुसरं सांगते. तू निघायच्या आदल्या दिवशी भिंतीवरच्या नकाशासमोर उभी होतीस. त्या गल्लीत रुग्णाची एकही लाल टिकली नव्हती. तू म्हणालीस, "अठरा वर्षं मी सांगत फिरतेय, टायफॉईड या टाकीतून पसरतो. आणि टाकीला पाठ लावून राहणारे ठणठणीत! म्हणजे माझंच चुकलं. पंधरा तारखेला परिषदेत सगळ्यांसमोर सांगून टाकते." कॉम्प्युटरवाले दादा म्हणाले, "मॅडम, थोडं गोल गोल सांगू." तू म्हणालीस, "गोल फिरायला मी काय भोवरा आहे?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आत्या, जूनमध्ये त्या गल्लीत मी एकही दार वाजवलं नव्हतं.

कोपऱ्यावर आमच्या वर्गाच्या बाई राहतात. पुढे माझ्या वर्गातल्या तिघी. शाळा सोडून दीड वर्ष झालं, तरी कुणी "का सोडलीस गं?" विचारलं की मला घाम फुटतो. मग दारावरच्या पाट्या बघून नावं लिहिली. माणसं किती, ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून. युनिफॉर्म दिसला की एक मूल. "दार बंद" लिहिलं असतं तर तुझ्या नियमाने वेगवेगळ्या वेळी तीनदा जावं लागलं असतं. "ताप नाही" लिहिलं की काम संपतं. तसं चौदा वेळा लिहिलं.

या सोमवारी परत गेले. पहिलं दार बाईंचंच वाजवलं. आधी तीनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरले, ते सोड. बाई अर्ध्या झाल्यात.

मी म्हटलं, "स... सर्वे आहे."

"ये की. जूनमध्ये आमच्या फाटकाकडे बघून पुढे निघून गेलीस ती?"

"घाबरले होते."

"मला?"

"हो."

"तीस वर्षं शिकवलं, असं तोंडावर कुणी कबूल केलं नव्हतं," म्हणाल्या आणि हसल्या. मग दवाखान्याचे कागद काढून दिले. मे महिन्यात एकवीस दिवस टायफॉईड. शाळेचं विचारलंच त्यांनी. मी खरं सांगितलं, उभं राहून वाचता येत नव्हतं, पोरी हसायच्या. "मग आता वाच," म्हणाल्या. बावीसच्या बावीस प्रश्न मोठ्याने वाचून घेतले. खूप वेळ लागला. माझा अडलेला शब्द त्यांनी एकदाही पुरा केला नाही.

तेरा घरं झाली. जूनच्या आधीच्या तीन महिन्यांत नऊ घरांत टायफॉईड होता. सगळे टाकीचंच पाणी पितात. चौदाव्या घरी तीनदा गेले, तिथे "दार बंद" आहे आणि वेळा लिहिल्यात. एका घरातला आठवीतला मुलगा अजून दवाखान्यात आहे. तो ऑगस्टमध्ये आजारी पडला. मी जूनमध्ये खरं लिहिलं असतं तर टाकी तेव्हाच बंद झाली असती का? हे वाक्य दोनदा खोडलं, पण तुला विचारायचंच आहे.

तू म्हणशील, एकदा खोटं लिहिणारीचं आता काय खरं मानू? नको मानूस. प्रत्येक फॉर्मवर घरच्यांची सही आहे, दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्यात. तरी दुसऱ्या कुणाला तरी ती दारं वाजवायला पाठव. माझे बाकीचे फॉर्मही तपासून घे. ते खरे आहेत, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. तोपर्यंत, येत्या सोमवारच्या भाषणात "माझं चुकलं" म्हणू नकोस, आणि "माझंच बरोबर" असंही म्हणू नकोस. टाकीमागची गल्ली अजून नीट मोजायची राहिलीय, एवढंच सांग.

कुणी विचारलं की आधीचे फॉर्म कुणी भरले, तर माझं नाव घे. भाची आहे म्हणून झाकू नकोस. मला समोर उभं करायचं असेल तर फोनवर फक्त "ये" म्हण. मी पहिल्या गाडीने येईन. अडखळेन, पण शेवटपर्यंत बोलेन.

चौदाव्या घराची माणसं कधी परत येतात, हे शेजारी विचारून ठेवलंय. रविवारी येतात. कामावरून काढलंस तरी मी जाणार आहे.

जूनचे चौदा फॉर्म खोटे भरणारी,
तुझी भाची