पावणेदोन भाकऱ्या

लाडक्या आईला दहिसरहून तेजूचा नमस्कार.

माझी तब्येत झकास. चौथीच्या पोरांना मी हल्ली चौघाचौघांच्या गटात गणितं सोडवायला बसवते. कलकल फार होते, पण पोरं एकमेकांना समजावतात.

काल सगळ्या गटांनी पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पाऊण असं लिहिलं. एरवी गप्प बसणारी प्रज्ञाच अडून बसली. तिने डब्यातल्या दोन भाकऱ्या काढल्या, एकीचा पाव मोडला नि गटाला म्हणाली, “पाव उणे, म्हणून पावणे!” मग तिच्या गटाने अख्ख्या वर्गाला शिकवलं.

मी मात्र फळ्याकडे तोंड केलं. घरात दोनच भाकऱ्या असल्या की तू मला पावणेदोन वाढायचीस.

आता एकटी असतेस, तर पुऱ्या दोन खातेस ना गं?

तुझीच,
तेजू